धुक्यात हक्काचं जहाज कुणीच नसतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. माझा लेख वाचून तुमच्या भावाने समुद्रावरची टक्कर टाळण्याचे नियम शब्दन् शब्द पाठ केले आणि तरी सेकंड मेटच्या (जहाजावरचा अधिकारी होण्याच्या) ओरल्सला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तो नापास झाला. पाठ करायला सांगणं म्हणजे पोपटपंची, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय नागपुरात बसून हे शिकायचं तरी कसं, असंही विचारलंय. तुमचा राग रास्त आहे. मुंबईला जाऊन हात हलवत परत आलेला मुलगा घरात कसा वावरतो, हे मी पाहिलंय.

पाठांतराचा सल्ला मात्र मी मागे घेणार नाही. सतरावा नियम बघा. स्टँड-ऑन जहाजाने, म्हणजे ज्याच्यासाठी दुसऱ्याने बाजूला व्हायचं त्याने, दिशा आणि वेग कायम ठेवायचाच, तिथे 'शॅल' आहे. समोरचा बाजूला होत नाही असं दिसलं की ते स्वतः हालचाल करू शकतं, तिथे 'मे'. आणि एकट्या समोरच्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही इतकं जवळ आलं की काहीतरी करावंच लागतं, पुन्हा 'शॅल'. हा एक शब्द चुकला की उत्तर उलटतं. अंदाजाने तो जिभेवर येत नाही.

आता तुम्ही दिलेला प्रश्न. दाट धुकं, रडारवर डावीकडे पुढे ३० अंशांवर एक जहाज, अंतर कमी होतंय, बेअरिंग (ते ज्या दिशेला दिसतं तो कोन) बदलत नाही. भाऊ म्हणाला, "ते माझ्या डावीकडे आहे, बाजूला त्याने व्हायचं. मी स्टँड-ऑन." पंधरावा (आडव्या येणाऱ्या जहाजांचा) आणि सतरावा नियम त्याला चोख येत होता, म्हणूनच ते आधी तोंडात आले. पण ११ ते १८ हे नियम जहाजं एकमेकांना डोळ्यांनी दिसत असतानाचे आहेत. धुक्यात नुसतं रडारवर सापडलेल्या जहाजासाठी एकोणिसावा, आणि त्यात स्टँड-ऑन कुणीच नाही. हालचाल दोघांनीही करायची, वेळ हातात असताना करायची. आणि आपल्या आडव्या रेषेच्या (जहाजाच्या मधोमध, डावी-उजवीकडे काटकोनात जाणाऱ्या रेषेच्या) पुढे असलेल्या जहाजासाठी, आपण त्याला ओव्हरटेक करत नसू तर, शक्यतो डावीकडे वळायचं नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ 'आंद्रेआ दोरिया' आणि 'स्टॉकहोम' या जहाजांनी एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. एक डावीकडे वळलं, दुसरं उजवीकडे. ५१ माणसं गेली.

माझी चूक मला इथे दिसते. नियम पाठ करा असं मी लिहिलं, पण त्याआधी विभागांची शीर्षकं पाठ करा, हे लिहिलं नाही. कोणत्याही दृश्यमानतेत, एकमेकांना दिसत असताना, आणि दृश्यमानता कमी असताना: हे तीन कप्पे डोक्यात नसतील तर नियम येऊनही उपयोग नाही. लेखात आज ते जोडलंय.

समुद्र नाही म्हणून अडत नाही, ताई. धरमपेठेतल्या घरी आम्ही जेवणाच्या टेबलावर दोन काडेपेट्या ठेवायचो. डाव्या अंगाला आईची लाल टिकली चिकटवलेली, उजव्या अंगाला हिरवी. भाजी निवडता निवडता आई एक पेटी वाटेल तशी फिरवायची आणि विचारायची, "आता तुला कोणती दिसते? कोण थांबेल?" उजवीकडच्या पेटीची लाल टिकली दिसली, म्हणजे बाजूला मी व्हायचं. शंभरदा तरी झालं असेल. आणि बेअरिंग कायम राहणं म्हणजे काय, ते मला बुटीबोरीकडे जाताना बाबांच्या शेजारी बसून कळलं. जोडरस्त्यावरचा ट्रक काचेवर एकाच जागी राहिला, सरकेचना, नुसता मोठा होत गेला. बाबांनी ब्रेक मारला.

मी अजून तीन आठवडे घरी आहे. भावाला संध्याकाळचा पाठवा, पैशांचा विषय नको. येताना त्याने एवढ्याचं उत्तर तयार ठेवावं: धुकं तेच, पण जहाज उजव्या हाताला, आडव्या रेषेच्या मागे ३० अंशांवर, जवळ येतंय, बेअरिंग कायम. कुठे वळायचं नाही, आणि का?