मल्टिमीटरवर 50 ओहम दिसत नाही म्हणून केबल खोटी ठरत नाही

हॅम रेडिओवाल्यांमध्ये (लायसन्स घेऊन छंद म्हणून वायरलेसवर बोलणाऱ्यांमध्ये) सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की कोॲक्स केबलवर (मधे तार आणि भोवती जाळी असलेली, सेटपासून अँटेनापर्यंत जाणारी केबल) छापलेला 50 ओहम ही फसवणूक आहे कारण मल्टिमीटर तेवढा दाखवतच नाही, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना एकमेकांना किती जुळत नाहीत ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे पूर्ण जुळलेलं) 2 आला म्हणजे अर्धी पॉवर वाया गेली, अँटेनाकडून परत आलेली पॉवर रेडिओ सेट जाळते, डिशची 75 ओहमची केबल लावाल तर काहीच चालणार नाही, आणि शेवटचा उपाय म्हणजे केबल अर्ध्या वेव्हलेंग्थच्या पटीत कापा. एरवी मी फॉरवर्डला उत्तर देत बसत नाही, पण नुकतंच लायसन्स मिळालेल्या एका ओळखीच्या पोराने हे वाचून चांगली नवी केबल तीनदा कापली आणि शेवटी ती गच्चीवरच्या अँटेनापर्यंत पोचेचना, म्हणून लिहितोय.

आधी मल्टिमीटर. आरजी-58 चं (ही नेहमीची बारीक 50 ओहमची कोॲक्स) एक टोक मोकळं ठेवून दुसऱ्या टोकाला मीटर लावला की मधली तार आणि जाळी यांच्यात काहीच दाखवत नाही, टोक शॉर्ट केलं की ओहमच्या आसपास काहीतरी दाखवतो, हे बरोबरच आहे आणि तसंच यायला पाहिजे. कारण मीटर तांब्याचा रेझिस्टन्स मोजतो आणि केबलवरचा 50 हा तो आकडाच नाही. केबलमधून लाट जाते तेव्हा त्या लाटेच्या व्होल्टेजला तिच्याच करंटने भागलं की जो आकडा येतो तो हा 50. तो ठरतो मधली तार आणि जाळी यांच्या व्यासांच्या प्रमाणावरून आणि आतल्या प्लॅस्टिकवरून, लांबीवरून नाही, त्यामुळे 1 मीटरचा तुकडा असो की 100 मीटरचं बंडल, आकडा तोच. हिशोब करून बघा, आरजी-58 ची कपॅसिटन्स मीटरला साधारण 100 पिकोफॅरड आणि इंडक्टन्स 250 नॅनोहेन्री, इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून वर्गमूळ काढलं की बरोबर 50 येतात. त्याच दोन आकड्यांवरून लाटेचा वेगही निघतो, सेकंदाला 2 लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या 66 टक्के. मीटरभर केबल पार करायला 5 नॅनोसेकंद.

हे डोळ्यांनी बघता येतं आणि ज्याच्याकडे किंवा ज्याच्या कॉलेजात स्कोप (ऑसिलोस्कोप) आहे त्याने एकदा तरी बघावंच. फंक्शन जनरेटर घ्या, त्याच्या आत बहुतेकदा 50 ओहम असतोच, मोकळा ठेवला तर 4 व्होल्ट देईल असा चौकोनी पल्स लावा, टी कनेक्टर घालून स्कोप जोडा आणि पुढे 20 मीटर आरजी-58, टोक उघडं. पडद्यावर आधी 2 व्होल्टची पायरी दिसते, ती 200 नॅनोसेकंद तशीच राहते आणि मग 4 व्होल्टवर चढते. पहिल्या 200 नॅनोसेकंदात जनरेटरला माहीतच नसतं की पलीकडे काय आहे, त्याला केबल म्हणजे 50 ओहमचा रेझिस्टर वाटते आणि म्हणून व्होल्टेज निम्मं होतं. लाट टोकाला जाऊन परत आली की मग त्याला कळतं. आता टोक शॉर्ट करा, 200 नॅनोसेकंदांनी व्होल्टेज शून्यावर कोसळतं. आणि 100 ओहमचे दोन रेझिस्टर पॅरललमध्ये जोडून टोकाला लावा, 2 व्होल्ट ते 2 व्होल्टच राहतात, काही परत येतच नाही. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा अर्धा तास नुसता टोकाचा रेझिस्टर काढत आणि लावत बसलो होतो. जमिनीखालच्या केबलमधला फॉल्ट किती मीटरवर आहे ते याच पद्धतीने शोधतात, पल्स सोडायचा आणि परत यायला लागलेला वेळ मोजायचा. मल्टिमीटरला एक आकडा दाखवायला सेकंदभर लागतो असं धरलं तर त्याला हा 50 दिसायला, तांब्याचा रेझिस्टन्स शून्य मानला तरी, 1 लाख किलोमीटर लांब केबल लागेल. केबलवरच्या या 50 ला इम्पीडन्स म्हणतात, आणि हा शब्द 1886 साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने काढला तो उगाच नाही, रेझिस्टन्स या शब्दात हे सगळं मावतच नव्हतं.

“एसडब्ल्यूआर 2 म्हणजे अर्धी पॉवर गेली.” नाही. एसडब्ल्यूआर 2 ला व्होल्टेजचा एक तृतीयांश भाग परत येतो, पॉवर त्याच्या वर्गाने म्हणजे एक नवमांश, 11 टक्के. 1.5 ला 4 टक्के आणि 3 ला 25 टक्के. आणि परत आली म्हणजे वायाही गेली नाही, मॅचिंग नीट असेल तर ती सेटच्या बाजूने पुन्हा अँटेनाकडे वळते, तोटा होतो तो फक्त केबलमधल्या जास्तीच्या फेऱ्यांचा. जुने हॅम शॉर्टवेव्हला उघड्या दोन तारांची फिडर लावून 8-10 एसडब्ल्यूआरवर आरामात लांबवर बोलायचे, कारण त्या तारांचा लॉस नगण्य असतो.

खरी पॉवर कुठे जाते ते सांगतो, कारण माझा सगळा जीव इथे तुटतो. 145 मेगाहर्ट्झला आरजी-58 चा लॉस 100 मीटरला 20 डीबीच्या आसपास आहे, म्हणजे 20 मीटरला 4 डीबी (डीबी हे पॉवर किती पटीने घटली ते मोजायचं माप, 10 डीबी म्हणजे दहावा हिस्सा उरला). सेटमधून 50 वॅट सोडले तर एकदम परफेक्ट अँटेनालासुद्धा 20 वॅटच पोचतात, 30 वॅट केबल गरम करण्यात जातात. आता अँटेनाजवळ एसडब्ल्यूआर 2 आहे असं धरा, तर 20 ऐवजी 18 पोचतील. म्हणजे ज्या एसडब्ल्यूआरमुळे पोरगं रात्रभर झोपलं नाही त्याने 2 वॅट खाल्ले आणि केबलने 30. वर आणखी घोळ असा की खाली सेटजवळच्या मीटरला हा 2 दिसतच नाही, तो 1.3 दाखवतो, कारण जाताना लाट क्षीण होते आणि येताना परत क्षीण होते. अँटेना पूर्ण काढून टाकली, टोक उघडं ठेवलं, तरी याच 20 मीटरवर हिशोबाने 2.3 येतो! काही जण 1.3 बघून खूश होतात आणि मग महिनाभर रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) का उघडत नाही म्हणून विचारत राहतात, आणि त्यांना कोणी केबलचा लॉस विचारत नाही.

याच्यातच 75 ओहमवाल्या मुद्द्याचं उत्तर आहे. 50 च्या सेटला 75 ची लाइन म्हणजे एसडब्ल्यूआर 1.5, 4 टक्के. डिशच्या आरजी-6 चा लॉस याच फ्रीक्वेन्सीला 100 मीटरला 8 डीबी धरा, 20 मीटरला 1.6, त्यामुळे 50 पैकी 35 वॅटच्या जवळपास वर पोचतील. कनेक्टर जमवायला त्रास होतो हे कबूल, पण नुसतं ऐकायला अँटेना लावायची असेल तर घरात पडलेली डिशची केबल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या बारीक आरजी-58 पेक्षा सरस ठरते.

सेट जळण्याबद्दल मेसेजचं निम्मं बरोबर आहे, अँटेना न लावता पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबू नका हे मीही सांगेन. पण कारण चुकीचं आहे. परत आलेली लाट आत शिरून ट्रान्झिस्टर भाजत नाही, ती जाणाऱ्या लाटेत मिसळून सॉकेटवरचा व्होल्टेज-करंटचं गुणोत्तर बदलते, एवढंच. एसडब्ल्यूआर 2 असेल तर सेटला 50 ऐवजी 25 पासून 100 ओहमपर्यंत काहीही दिसू शकतं, नेमकं किती ते केबलच्या लांबीवर. त्यातून कधी करंट जास्त होतो कधी व्होल्टेज, आणि हल्लीचे बहुतेक सेट ते ओळखून स्वतःच पॉवर उतरवतात.

राहिली केबल कापायची गोष्ट. लांबी बदलून सेटला दिसणारा इम्पीडन्स बदलतो, लाइनवरचा एसडब्ल्यूआर नाही. अर्ध्या वेव्हलेंग्थला फक्त एवढंच होतं की वर अँटेनाचा जो इम्पीडन्स आहे तोच खाली जसाच्या तसा दिसतो, वाईट असेल तर वाईटच दिसतो. शिवाय मेसेजमध्ये 145 मेगाहर्ट्झसाठी 1.03 मीटर दिलेत ते हवेतले आहेत, आरजी-58 मध्ये लाट हळू चालते म्हणून 68 सेंटीमीटर होतात, म्हणजे सल्ला मानायचा म्हटलं तरी माप चुकलंय. केबल थोडी कमी-जास्त केली आणि मीटर बराच हलला तर समजा की जाळीच्या बाहेरच्या अंगावरून करंट वाहतोय, अँटेनाच्या तोंडाशी फेराइटच्या तीन-चार क्लिपा लावून बघा आणि मीटर वर गच्चीवर नेऊन तिथे मोजा.

त्या पोराच्या कापलेल्या तुकड्यांपैकी एक आम्ही 34 सेंटीमीटरला कापला, म्हणजे 145 मेगाहर्ट्झला केबलमधली पाव वेव्हलेंग्थ, आणि एक टोक उघडं ठेवून टी कनेक्टरने अँटेनाच्या लाइनला लावला, नुसतं ऐकायला, पीटीटीला हात न लावता. मल्टिमीटर म्हणतो या तुकड्यात काहीच जोडलेलं नाही. सेटवर मात्र जवळच्या रिपीटरचा सिग्नल फुल्ल होता तो धाडकन खाली आला, कारण पाव वेव्हलेंग्थवरचं उघडं टोक अलीकडे शॉर्टसारखं दिसतं. तुकडा काढला, सिग्नल परत फुल्ल. त्याने पाच-सहा वेळा लावून काढून बघितलं आणि मग विचारलं, टोक शॉर्ट केलं तर काय होईल? मी म्हटलं, कर की. त्याने टोकाला सोल्डर लावला, तुकडा जोडला आणि सिग्नल जराही हलला नाही.