पॅरिशची पेटी, गावचे दप्तर

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ पासून जुन्या नोंदींना जे महत्त्व आले, तेवढे माझ्या आठवणीत कधीच आले नव्हते. मराठा समाजातील लोकांना आरक्षणासाठी कुणबी दाखला ज्यांच्या आधारे मिळू शकतो, त्या मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, पुढे तिचे काम राज्यभर वाढवले गेले, आणि तहसील कचेऱ्यांतली, शाळांतली, भूमी अभिलेखांची वर्षानुवर्षे बंद असलेली कपाटे उघडली गेली. लोकांच्या तोंडी कोतवाल बुक म्हणून असलेला गाव नमुना १४, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही ही नावे बातम्यांमध्ये रोज येऊ लागली. आरक्षण कोणाला मिळावे, हा या लेखाचा विषय नाही. ज्यांची मुले त्या निर्णयाच्या परिणामांसह जगणार आहेत, त्यांनीच त्यावर बोलावे. मला बोलायचे आहे ते त्या दप्तरांविषयी, कारण त्याच काळात मी इंग्लंडमधील विल्टशर काउंटीत माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या घराण्याचा माग काढत होते, आणि दोन्हीकडच्या कागदांची अवस्था मला सतत शेजारीशेजारी दिसत होती.

सासूबाईंचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या शेतमजूर होते. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, मृत्युपत्र करावे असे काही त्यांच्यापाशी नव्हते आणि बहुतेकांना लिहिता येत नसल्यामुळे त्यांची पत्रेही उरलेली नाहीत. तरीही अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांची एकेक पिढी नावानिशी सापडते. याचे कारण १५३८ मधील एका हुकमात आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने त्या वर्षी प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्यास फर्मावले. नोंदवही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे, असा नियम होता. १५९८ मध्ये कागदाऐवजी टिकाऊ चर्मपत्र वापरावे आणि दर वर्षीची नक्कल बिशपकडे पाठवावी, असे ठरले. या नकलेचे मोल मला प्रत्यक्ष कळले ते असे, की सासूबाईंच्या गावच्या वहीची काही पाने ओलीने वाचता येण्याजोगी राहिलेली नाहीत, आणि नेमक्या त्याच वर्षांची नावे सॉल्झबरीच्या बिशपकडे गेलेल्या नकलेत शाबूत आहेत.

पुढच्या सुधारणाही अशाच, कोणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीखाली वधू, वर आणि साक्षीदार यांची सही किंवा खूण घेणे सक्तीचे झाले. १८१३ पासून छापील वह्या आल्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा व्यवसाय व राहण्याचे ठिकाण यांसाठी रकाने आले. त्या रकान्यात ‘मजूर’ हा एकच शब्द पानामागून पान येतो. १९७८ च्या चर्चच्या कायद्याने जुन्या वह्या सुरक्षित जागी, शक्यतो काउंटीच्या अभिलेखागारात जमा करण्याची व्यवस्था लावली. विल्टशरचे हे अभिलेखागार चिपनम गावात आहे. तेथे जाणाऱ्याला आपण कोण, आपला हेतू काय, कोणत्या कामासाठी दाखला हवा आहे, हे कोणी विचारत नाही. ओळख पटवून कार्ड काढायचे, शाईचे पेन बाहेर ठेवायचे आणि पेन्सिल घेऊन आत बसायचे.

तिथे मला सर्वांत मोलाचे वाटले ते बाप्तिस्म्याच्या वह्यांहूनही गरिबांच्या मदतीचे कागद. १६६२ च्या कायद्यानुसार निर्धन माणसाला पोसण्याची जबाबदारी तो ज्या पॅरिशचा ‘रहिवासी’ ठरेल त्या पॅरिशवर असे, आणि म्हणून प्रत्येक पॅरिश ती दुसऱ्यावर ढकलण्याचा प्रयत्न करी. माणूस आजारी पडला किंवा त्याचे काम सुटले की त्याला न्यायाधिकाऱ्यासमोर उभे करून शपथेवर विचारत: जन्म कुठला, चाकरी कोणाकडे केली, किती महिने केली, पगार काय होता. अविवाहित माणसाने सलग वर्षभर चाकरी केली तर त्याला तिथल्या रहिवासाचा हक्क मिळे, आणि तो मिळू नये म्हणून मालक वर्ष पुरे होण्याच्या आठवडाभर आधीच त्याला सोडून देत. सासूबाईंच्या एका पूर्वजाचा असा जबाब मी वाचला. लहानपणी त्याला नांगराच्या घोड्यांमागे धावायला ठेवले होते, मग एका शेतकऱ्याकडे तो सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस या सणापासून पुढच्या मायकेलमसच्या काही दिवस आधीपर्यंत राहिला, आणि हे ‘काही दिवस आधी’ कारकुनाने मुद्दाम लिहून ठेवले आहे, कारण त्या थोड्या दिवसांवर त्याचा सारा हक्क अवलंबून होता. खाली त्याने केलेली फुली आहे, थोडी कललेली, एका टोकाला शाई साचलेली. हा कागद त्याच्या भल्यासाठी लिहिला गेला नव्हता. त्याला गावाबाहेर काढता यावे, यासाठी तो लिहिला गेला. तरीही त्याचे स्वतःचे म्हणणे जगात फक्त तेथेच उरले आहे.

विल्टशरच्या मजुरांची अवस्था एकोणिसाव्या शतकात इतकी हलाखीची झाली, की १८३० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी मळणीची यंत्रे फोडली, कारण हिवाळ्यातले मळणीचे काम त्या यंत्रांनी हिरावले होते. पुढच्या जानेवारीत सॉल्झबरीला खास न्यायालय बसले आणि या एका काउंटीतून सुमारे दीडशे माणसांना जहाजातून ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार करण्यात आले. आज त्यांचे वंशज तिकडून येऊन त्यांची नावे शोधतात आणि त्या नावांचा अभिमान बाळगतात.

हे सारे आदर्श आहे, असे मला म्हणायचे नाही. चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटून निघालेल्या पंथांची माणसे या वह्यांत अर्धवटच आढळतात. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे ते स्पष्ट लिहून ठेवलेले असते आणि त्याच्या बापाचे नाव अनेकदा गाळलेले असते. ज्या वह्यांची छायाचित्रे खासगी संकेतस्थळांवर आहेत, ती घरबसल्या पाहायची तर वर्गणी भरावी लागते. मात्र माझ्या पूर्वजाचे नाव पाहण्यासाठी मला कोणापुढे अर्जदार म्हणून उभे राहावे लागत नाही, ही गोष्ट मी फार मोठी मानते.

माझे मामा मराठवाड्यात असतात. आजोबांच्या वडिलांची नोंद शोधत ते बराच काळ एका कचेरीत खेटे घालत होते. वही आहे, पण ती मोडी लिपीत आहे, वाचणारा आठवड्यातून एकदा येतो, आणि ती पाने वाळवीने खाल्ली आहेत, अशी उत्तरे त्यांना आळीपाळीने मिळाली. मामांना दाखला हवा होता हे खरे, पण फोनवर ते मला जे सांगत होते ते वेगळेच होते. त्यांना त्या पणजोबांचे नाव ठाऊक होते, पणजीचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते कुठेतरी लिहिलेले असेल काय, ही त्यांची खरी ओढ होती. त्यासाठी अर्ज करण्याचा कोणताही नमुना नाही. आपल्याकडे कागद पुराव्यापुरता उघडतो, पुरावा मिळाला की दप्तराचा रुमाल पुन्हा बांधला जातो.

जुन्या वह्या अशा सर्वांना खुल्या करण्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो लातूरच्या माझ्या एका शिक्षक मैत्रिणीने घेतला. ती म्हणाली, पूर्वज शेतमजूर होता हे कळल्याने इंग्लंडमध्ये कोणाचे काही बिघडत नाही, पण आमच्या वहीत जातीचा रकाना आहे, आणि गाव सोडून, आडनाव बदलून शहरात गेलेल्यांना तो रकाना शोधून काढणारे लोक नको आहेत. तिचे म्हणणे मी हलके घेत नाही. म्हणूनच मुदत हवी. ब्रिटनमध्ये जनगणनेतील नावे शंभर वर्षे झाकून ठेवतात; १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. तशीच मुदत आपल्याकडेही घालता येईल, आणि जातीच्या रकान्यासाठी ती आणखी वाढवता येईल. पण कायमचे झाकून ठेवण्याने नेमके कोणाचे रक्षण होते, हेही पाहिले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची बारीकसारीक माहिती सरकारने नोंदवली, १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि त्या जमातींच्या आजच्या तरुणांना आपल्या आजोबांविषयी पोलिसांनी काय लिहून ठेवले होते, हे वाचण्याची सोपी वाट आजही नाही. ज्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी नोंद झाली, तिच्यावर पहिला हक्क त्यांच्या वंशजांचा आहे.

लिपीची अडचण मला दुय्यम वाटते. सोळाव्या शतकातले इंग्रजी हस्ताक्षर आजच्या इंग्रजांना मोडीइतकेच परके आहे, आणि ते वाचायला शिकवणारे धडे ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार इंटरनेटवर फुकट देते. महाराष्ट्रात या शोधाच्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्यांना काम मिळाले, सापडलेल्या नोंदींचा आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेल्याचे सरकारने सांगितले आणि कागदांची छायाचित्रेही काढली गेली. खर्चाचा व कष्टाचा मोठा भाग त्यात उरकला आहे. पुराभिलेख संचालनालयाची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. ती छायाचित्रे तेथे एकत्र करून, मुदत उलटलेली पाने गावनिहाय सूचीसह प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी कोणालाही पाहू द्यावीत आणि आता तयार झालेल्या मोडी वाचकांपैकी निदान एकाला तेथे कायमची नेमणूक द्यावी, एवढी माझी मागणी आहे. समितीने शोधताना ‘कुणबी’ हा शब्द नसलेली जी पाने बाजूला ठेवली असतील, त्यांपासून ही सुरुवात व्हावी, कारण त्यांची वाट पाहणारे सध्या कोणीच नाही.