फाळणी आपल्यापासून लांब घडली नव्हती

मराठी घरांत फाळणीचा विषय निघाला की तो पंजाब-बंगालचा म्हणून बोलला जातो. आपल्या आठवणींत गांधीहत्या असते, त्यानंतरची जाळपोळ असते आणि मग थेट संयुक्त महाराष्ट्र. मग उल्हासनगर कुठून आलं? कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं आणून ठेवली आणि 1949 साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. कोल्हापूरकर लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जातात, ती वळिवड्याची छावणी. महायुद्धात तिथे पोलंडचे निर्वासित राहिले, ते गेल्यावर सिंधी आले. चेंबूर कॅम्प, पिंपरी कॅम्प यांचीही कहाणी तीच.

चित्रकार आणि व्हिडिओ कलावंत नलिनी मलानी यांचं काम समजून घेताना हे सगळं माझ्या डोक्यात सतत चालू असतं. त्यांचा जन्म 1946 चा, कराचीतला. आई शीख, वडील थिऑसॉफिस्ट, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य मानणाऱ्या पंथातले. मूल दीड वर्षाचं असताना देश फुटला, कुटुंब कोलकात्याला आलं आणि 1954 मध्ये मुंबईला. शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, स्टुडिओ पुढे लोहार चाळीत, बाजाराच्या ऐन गर्दीत. चित्रकार अकबर पदमसी यांनी 1969 मध्ये चित्रकार आणि फिल्मवाल्यांना एकत्र आणणारी कार्यशाळा मुंबईत सुरू केली, तिथे विशीतल्या मलानींनी कॅमेरा हातात घेतला. आपल्याकडे व्हिडिओ कला हा शब्दही फारसा कुणाला माहीत नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

त्यांच्या कामांतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 1998-99 चं 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग', खोलीभर मांडलेलं व्हिडिओंचं काम. पोखरणच्या चाचण्या मे 1998 मध्ये झाल्या, लोकांनी पेढे वाटले, त्याला दिलेलं हे उत्तर आहे. उर्दू लेखक मंटोच्या 'टोबा टेक सिंग' या फाळणीवरच्या कथेतला बिशनसिंग लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातून भारतात पाठवला जातो आणि दोन देशांमधल्या कुणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. मलानींनी पत्र्याच्या ट्रंकांमध्ये टीव्ही ठेवले. निर्वासित माणूस आयुष्य भरून नेतो त्याच त्या ट्रंका. समोर अणुस्फोटांची दृश्यं. आणि आमनेसामनेच्या भिंतींवर दोन बायका, एक भारतातली, एक पाकिस्तानातली, एकाच साडीची घडी घालू बघताहेत. लांब साडीची नीट घडी घालायची तर दोघी लागतात, दोन टोकं धरायला, हे आपल्या घरातल्या प्रत्येकीला माहीत आहे. इथे दोघींच्या मधे आख्खी खोली आहे, आणि त्या खोलीत आपण उभे आहोत. घडी काही जमत नाही. बघणाऱ्याला बाजूला उभं राहायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही, आणि ही मला त्यांची सगळ्यात मोठी ताकद वाटते.

हे काम मुंबईत दाखवलं गेलं ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. शाळांच्या सहली येतात, गावाकडून आलेले पाहुणे मुंबई बघायला निघाले की हमखास जातात, अशी ही जागा. हे काम तिथे लागलं याचं मला फार अप्रूप आहे.

'मदर इंडिया: ट्रान्झॅक्शन्स इन द कन्स्ट्रक्शन ऑफ पेन' (2005) पाच पडद्यांवर चालतं. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या निबंधातून ते सुचलं. फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांचा अंदाज साधारण 75 हजारांचा सांगतात. त्यांना परत आणण्यासाठी 1949 साली कायदा झाला, पण जायचं की राहायचं हे ठरवण्याचा हक्क त्या बाईला नव्हता. आधी एका धर्माच्या पुरुषांनी उचलून नेलं, मग सरकारने उचलून परत आणलं. मलानी ही रेघ थेट 2002 च्या गुजरातपर्यंत ओढतात. त्याआधी 2003 च्या 'युनिटी इन डायव्हर्सिटी'मध्ये त्यांनी राजा रविवर्म्याचं चित्र घेतलं होतं. वेगवेगळ्या प्रांतांच्या पेहरावातल्या अकरा जणी वाद्यं घेऊन बसल्या आहेत. मलानींच्या व्हिडिओत त्या मैफलीत गोळ्यांचे आवाज घुसतात. रविवर्म्याच्या देव्या आपल्या देवघरांत पोचल्या त्या मळवलीच्या छापखान्यातून, तेव्हा हे चित्र परकं म्हणून झटकून टाकायची सोय मराठी माणसाला तरी नाही.

जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असं म्हणणारे भेटतात. जुन्या कुठल्या? 2018 मध्ये जम्मूतल्या कठुआत आठ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिला मारलं, त्यानंतर मलानी आयपॅडवर बोटाने चित्रं काढत गेल्या आणि त्यातून 'कॅन यू हिअर मी?' उभं राहिलं. 88 छोटी ॲनिमेशन्स, सगळी एकाच वेळी भिंतींवर धावताहेत. वयाच्या सत्तरीत एक बाई एका मुलीसाठी इतकी चित्रं काढते. मला याहून मोठं धर्माचरण ठाऊक नाही.

त्यांना 'निर्वासित चित्रकार' म्हटलं की मला खटकतं. त्यातून असं वाटतं की त्या आपल्याकडे आल्या आणि आपलं दुःख सोबत घेऊन आल्या. माझं म्हणणं उलट आहे. 1992 मध्ये त्यांनी जहांगीर आर्ट गॅलरीतल्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर शहराची चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर पुसून टाकली. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रं नष्ट होत होती, त्याचा हा निषेध होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई पेटली. मुंबईने स्वतःबद्दल काय विसरायचं ठरवलंय, हे त्यांच्या कामात दिसतं. ते आपलं दुःख आहे.

दिल्लीत 2014 साली, पॅरिसच्या पाँपिदू कलासंग्रहालयात 2017 साली त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची प्रदर्शनं भरली. 2023 मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. मराठीत त्यांच्यावर किती लिहिलं गेलं? कलेचे विद्यार्थी सोडले तर किती जणांना नाव माहीत आहे? मुंबईत एखादी सरकारी जागा अशी हवी जिथे त्यांचा एक तरी व्हिडिओ बाराही महिने चालू असेल, तिकीट परवडेल आणि माहिती मराठीतही लावलेली असेल. उल्हासनगरच्या आणि वळिवड्याच्या शाळांच्या सहली तिथे आधी न्याव्यात.