‘रोज २२ माजी सैनिक’ : हा आकडा कुठून आला?

‘अमेरिकेत पीटीएसडीमुळे रोज २२ माजी सैनिक आत्महत्या करतात, त्यांच्या सन्मानार्थ २२ जोर मारा’ हा संदेश पुन्हा फिरतोय. (पीटीएसडी म्हणजे युद्धासारख्या भयंकर अनुभवाच्या धक्क्यानंतर जडणारा मानसिक विकार.) हेतू चांगला आहे, पण आकडा जुना आणि कारण पदरचं.

हा आकडा तिथल्या माजी सैनिक खात्याच्या २०१२च्या अहवालातला. केवळ २१ राज्यांच्या मृत्यूनोंदींवरून बांधलेला अंदाज. कॅलिफोर्निया आणि टेक्सास, म्हणजे माजी सैनिकांची मोठी वस्ती असलेली राज्यंच त्यात नव्हती. पुढे सगळ्या ५० राज्यांच्या नोंदी आल्यावर खात्याने रोज सुमारे २० असं सांगितलं. २०१८मध्ये त्याचीही फोड झाली : २०१५सालच्या रोजच्या २०.६ मृत्यूंपैकी माजी सैनिक १६.८, बाकीचे सेवेतले, नॅशनल गार्ड (राज्यांची अर्धवेळ सैन्यदलं) आणि राखीव दलातले.

म्हणजे प्रश्न किरकोळ आहे असं मुळीच नाही. पण ‘पीटीएसडीमुळे’ हा शब्द फॉरवर्ड करणाऱ्यांनी घातलाय. या मृतांत बहुसंख्य पन्नाशीपुढचे. नैराश्य, व्यसन, जुनाट दुखणी, एकटेपणा अशी कारणं गुंतलेली असतात. पीटीएसडी असलेले बहुतेक जण आत्महत्या करत नाहीत, आणि त्यावर उपचार आहेत. आपल्याकडे कुणाला मदत हवी असेल तर टेलि-मानस १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी, मोफत फोनसेवा मराठीतही बोलते.