राजदूत ३५०चा ऑइल पंप काढू नका

एस्कॉर्ट्सच्या राजदूत ३५० या जुन्या टूस्ट्रोक मोटरसायकलबद्दल शौकिनांमध्ये एक निरोप पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर साधारण असा: ‘राजदूत ३५० म्हणजे बिल्ला बदललेली जपानी यामाहा आरडी ३५०. ३९ हॉर्सपॉवर, इंजिन थेट रेसच्या गाडीचं. एलटी मॉडेलचं इंजिन तेवढं लहान. पिस्टन जाम होतो तो ऑइल पंपामुळे, म्हणून पंप काढा आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा. एअर फिल्टर काढून चेंबर सायलेन्सर लावा, जपानी ताकद परत येते. बिनशिशाचं पेट्रोल मात्र या इंजिनला विष.’

यातलं थोडं खरं आहे, म्हणून बाकीचंही पचून जातं. गाड्या आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. असल्या सल्ल्याने एक सिलिंडर गेला तर तो भरून काढणं सोपं राहिलेलं नाही.

‘बिल्ला बदललेली जपानी गाडी, ३९ हॉर्सपॉवर’

घराणं तेच, गाडी ती नव्हे. यामाहाने १९७० साली आर५ आणली: ६४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ५४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), दोन सिलिंडर मिळून ३४७ सीसी, पाच गिअर. १९७३च्या आरडी ३५०मध्ये याच मापावर रीड व्हॉल्व्ह (इन्टेकमधली एकाच दिशेने उघडणारी पत्ती), सहावा गिअर आणि पुढे डिस्क ब्रेक आला. ३९ हॉर्सपॉवरचा आकडा या गाडीचा, तोही मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर. १९७६ साली स्ट्रोक ६२ मिमी करून आरडी ४०० आली आणि ३५० बाजूला पडली. १९८०च्या एलसीमध्ये पुन्हा ६४ बाय ५४, पण पाण्याने थंड होणारं इंजिन, आणि १९८३ साली त्यावर एक्झॉस्टचा पॉवर व्हॉल्व्ह चढला.

एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० भारतात आणली तीही १९८३ सालीच, पण हवेवर थंड होणारी. म्हणजे जपानी कंपनी दोन पिढ्या पुढे गेल्यावर आपल्याकडे जुनी पिढी आली, आणि तीही मवाळ करून. एचटी (हाय टॉर्क) मॉडेल ३०.५ हॉर्सपॉवरचं, नंतरचं एलटी (लो टॉर्क) २७चं. दोन्हींचं बोअर-स्ट्रोक एकच, ३४७ सीसी. ‘लो टॉर्क’ या नावावरून इंजिनच लहान असेल असा कुणीतरी अंदाज बांधला आणि तो पसरला.

आणखी एक फरक निरोपात येतच नाही, आणि तो जिवावरचा आहे. डिस्कच्या जागी राजदूतला पुढे १८० मिमीचा ड्रम आहे, दोन्ही लायनर पुढून पकडणारा. दोन कॅमना जोडणारा रॉड नीट बसवला नसेल तर एकच लायनर घासतो आणि ब्रेक निम्मा होतो. रॉड सोडा, केबलच्या बाजूचा लायनर ड्रमला जेमतेम टेकेपर्यंत आणा, तसाच दुसराही टेकवा, मग रॉडची लांबी त्या जागी पक्की करा. हा ब्रेक चाक पुढे फिरतानाच जोरात पकडतो. चढावर गाडी मागे सरकू लागली तर त्याच्या भरवशावर राहू नका.

‘इंजिन थेट रेसच्या गाडीचं’

अर्धसत्य. १९७३ साली यार्नो सारिनेन या रेसरने अमेरिकेतली डेटोना २०० ही रेस जिंकली ती यामाहाच्या टीझेड ३५० या रेसच्या गाडीवर, आणि तिचंही माप ६४ बाय ५४. पण टीझेडला पाण्याचं कूलिंग होतं आणि रीड व्हॉल्व्ह नव्हता. रस्त्यावरच्या गाडीत रीड मुद्दाम घातला. पिस्टनच्या स्कर्टनेच इन्टेक उघडत-मिटत असेल तर कमी फेऱ्यांवर आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग कार्बोरेटरकडे परत फेकला जातो. रीडची पत्ती ही परतीची वाट बंद करते. म्हणूनच ही गाडी गर्दीत तिसऱ्या गिअरवरही ओढते. रेसच्या इंजिनकडून तशी अपेक्षा करू नये.

इंजिन उघडाल तेव्हा रीडचा ठोकळा उजेडाकडे धरून बघा. पत्ती बसकीला चिकटलेली हवी. कोपरा उडाला असेल किंवा तडा दिसत असेल तर पत्ती बदला. ती पोलादी आहे, तुटलेला तुकडा सरळ आत जातो.

‘पिस्टन जाम होतो तो ऑइल पंपामुळे’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे.

यामाहाने ऑटोल्यूब पंप, म्हणजे वेगळ्या टाकीतून इंजिनला ऑइल देणारा पंप, १९६४च्या वायए६वर पहिल्यांदा दिला. तो दोन गोष्टी बघतो: इंजिन किती फेऱ्यांवर आहे आणि रेस (थ्रॉटल) किती उघडली आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल फक्त पेट्रोलबरोबरच येतं. आंबेनळी घाट उतरताना रेस बंद, तिसरा गिअर, इंजिन चार हजार फेऱ्यांवर असेल, तर पेट्रोल जेमतेम आणि ऑइलही तितकंच. पंप मात्र क्रँकबरोबर फिरतच असतो आणि कमीत कमी धार तरी सोडतो. उलट सिग्नलला उभं असताना तो हात आखडतो, म्हणून धूर आणि सायलेन्सरमधला कार्बन कमी.

पंप खराब होतच नाही असं नाही. पण बहुतेक वेळा दोष केबल, हवा किंवा कचऱ्याचा असतो. तपासायचा क्रम असा. आधी दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड एकाच वेळी उचलतात का ते जुळवा, नंतरच पंपाची केबल खुणेवर आणा. उलट केलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. ऑइलच्या टाकीतून येणारी नळी आणि जाळी साफ करा. पंपावरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. मग टाकीत थोडं मिसळलेलं पेट्रोल ठेवून इंजिन आयडलवर चालवा आणि पंपाची केबल हाताने पूर्ण ओढून धरा. दोन्ही सायलेन्सरमधून धूर वाढला पाहिजे. एकाच बाजूने वाढला तर दुसऱ्या, न वाढलेल्या बाजूच्या नळीतला बॉल व्हॉल्व्ह अडकला आहे, आणि जाम व्हायची पाळी त्याच सिलिंडरची होती.

पंप खरंच गेला असेल आणि दुसरा मिळेपर्यंत मिसळूनच चालवायची असेल, तर एकास पंचवीस, म्हणजे लिटरला ४० मिली, मोजून. बाटलीच्या झाकणाने नव्हे. डब्यात आधी मिसळून मग टाकीत ओता. ऑइलच्या नळ्या जिथे इन्टेकला जोडतात ती भोकं बंद करा, नाहीतर तिथून हवा ओढली जाते. ऑइलने पेट्रोलची थोडी जागा घेतल्याने मिश्रण आधीच हलकं (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालेलं असतं. त्यात ही हवा मिळाली की निरोप लिहिणाऱ्याला ‘पंपामुळे जाम झाली’ म्हणायला आणखी एक गाडी.

जाम होण्याची खरी कारणं बहुधा दुसरीकडे असतात. डाव्या टोकाचं, म्हणजे जनरेटरच्या बाजूचं क्रँक ऑइल सील कडक झालं की बाहेरची हवा आत येते, मिश्रण हलकं होतं आणि पिस्टन तापतो. उजवं, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल जळतं, धूर येतो आणि ऑइल कमी होत जातं. म्हणजे धूर काढणारं सील तरी ओरडून सांगतं, डावं गुपचूप पिस्टन खातं. शंका असेल तर कार्बोरेटर काढा, दोन्ही इन्टेक आणि एक्झॉस्ट बुजवा, सुमारे ०.४ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावून बघा. दोन्ही बाजू एकदमच बुजवा, कारण मधलं लॅबिरिंथ सील हवा पूर्ण अडवत नाही.

दुसरं कारण टायमिंग. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वेळ ठरवणारा वेगळा पॉइंट आहे, म्हणजे डावं बरोबर आणि उजवं चुकलेलं असू शकतं. यामाहाच्या आरडी ३५०ला पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.४ मिमी आणि ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधी २.० मिमीवर. हे प्लगच्या भोकात डायल गेज बसवून मोजायचं असतं, कानाने नाही.

‘फिल्टर काढा, चेंबर लावा’

हवा वाढवली आणि मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) तोच ठेवला, तर गाडी काही किलोमीटर खरंच जोरात पळते. हलक्या मिश्रणाची ती शेवटची मजा असते. चेंबर, म्हणजे रेसच्या गाडीसारखे फुगीर सायलेन्सर, लावायचेच असतील तर फिल्टर राहू द्या, जेट आधी दोन-तीन नंबर मोठा घाला आणि मग एकेक पायरी खाली या. नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसमध्ये पळवा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग बघा. चिनी मातीचा भाग पांढराफटक असेल तर जेट अजून लहान आहे. दोन्ही प्लग बघा, एकावर भागवू नका.

‘बिनशिशाचं पेट्रोल विष’

शिसं चारस्ट्रोक इंजिनच्या व्हॉल्व्हच्या बसकीसाठी कामाचं होतं. या इंजिनात तसे व्हॉल्व्हच नाहीत. काळजी करायची तर ई२०ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची करा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आणखी हलकं होतं; ते पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, फ्लोट बाउलचे गॅस्केट फुगवतं. पेट्रोलच्या नळ्या बदलून घ्या, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाउल रिकामे करा, आणि प्लग पांढरे दिसू लागले तर मेन जेट एक नंबर वाढवा.