‘गून’ आपल्या गुंडातून आलेला नाही, आणि ‘ठग’चा अभिमानही जरा जपून

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: इंग्रजांकडे गुंडापुंडांसाठी स्वतःचे शब्दच नव्हते, ते त्यांनी आपल्याकडून नेले. ‘ठग’चा थग झाला, ‘गुंड’चा गून, ‘हुल्लड’चा हूलिगन आणि संस्कृत ‘बली’चा बुली. शेवटी अर्थातच ‘अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा’. या चारांपैकी एक जोडी खरी आहे. गंमत म्हणजे अभिमानाने छाती फुगवावी अशी तीच सर्वांत कमी आहे.

आधी ‘शब्दच नव्हते’ हा मुद्दा. १५६७ साली टॉमस हार्मन नावाच्या केंटमधल्या जमीनदाराचं भटक्या भामट्यांवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात त्याने एकेका प्रकाराचं नाव देऊन त्याच्या लबाड्या सांगितल्या आहेत. रोग (rogue), रफलर, टोळीचा म्होरक्या तो अपराइट मॅन, वेडाचं सोंग घेऊन भीक उकळणारा अब्राहम मॅन, घोडे पळवणारा प्रिगर ऑफ प्रान्सर्स. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. म्हणजे इंग्रजांचं पहिलं जहाज सुरतेला लागण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या घरच्या बदमाशांची यादी तयार होती, आणि भरगच्च होती.

‘बुली’ तर याहूनही जुना. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो इंग्रजीत सापडतो, आणि त्याचा अर्थ होता लाडका, जिवलग! डच भाषेत प्रियकराला जो शब्द होता, त्याच्याशी त्याचं नातं जोडतात. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये बॉटम विणकराला त्याचे सवंगडी ‘बुली बॉटम’ म्हणतात ते प्रेमानेच. दुबळ्यांना छळणारा हा अर्थ रुळला सतराव्या शतकाच्या अखेरीस. शब्द ‘बली’वरून आला असता तर सुरुवात ताकदीपासून झाली असती, लाडापासून नाही. पण व्हॅटिकन म्हणजे वाटिका असं सांगणारे पु. ना. ओक आपल्याकडेच होऊन गेले. कानाला सारखं लागलं की नातं जुळलं, ही खोड तशी मुरलेली आहे.

‘हूलिगन’ची जन्मवेळ बरीच नेमकी सांगता येते. १८९८च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी रस्त्यावर मारामाऱ्या करणाऱ्या पोरांना हे नाव चिकटवलं. हुलिहान हे आयरिश आडनाव. त्या काळच्या विनोदी गाण्यांत हूलिगन नावाचं दंगेखोर आयरिश कुटुंब असे. इथे ‘हुल्लड’ येणार कुठून? इंग्रजांची एक सवय मात्र यात दिसते. आपल्या घरच्या मवाल्याला ते नाव देतात परक्याचं. १७१० साली मोहॉक या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचे प्रमुख इंग्लंडच्या राणी अ‍ॅनच्या भेटीला आले, आणि १७१२ साली लंडनमध्ये रात्री लोकांना बदडत फिरणाऱ्या टोळक्याचं नाव पडलं मोहॉक. ‘टोरी’ हाही मुळात आयर्लंडमधल्या लुटारूंसाठीचा आयरिश शब्द. पुढे तो एका राजकीय पक्षाला चिकटला आणि पक्षाने तो बिनदिक्कत मिरवला. हूलिगन तर रशियापर्यंत गेला. १९२२च्या सोव्हिएत दंडसंहितेत हूलिगनपणा हा गुन्हा ठरला, आणि २०१२ साली मॉस्कोच्या चर्चमध्ये पुतिनविरोधी गाणं म्हणणाऱ्या पुसी रायट गटातल्या बायकांना शिक्षा झाली ती याच नावाखाली.

आता ‘गून’. हा दावा सर्वांत पटण्यासारखा वाटतो, कारण आवाज जुळतो आणि आजचा अर्थही. पण शब्दाचा आधीचा प्रवास बघा. १९२०च्या सुमारास अमेरिकेत गून म्हणजे मठ्ठ, रटाळ माणूस. १९३३ साली पॉपायच्या चित्रमालिकेत अ‍ॅलिस द गून ही अवाढव्य, केसाळ हातांची बाई आली आणि गूनला शरीर मिळालं. मग त्याच दशकात संप आणि कामगारांच्या लढायांत भाडोत्री दांडगटांच्या टोळ्यांना ‘गून स्क्वाड’ म्हणू लागले. मठ्ठ, मग धिप्पाड, मग मारकुटा, असा हा क्रम आहे. आपला गुंडा इंग्रजीत गेला तो वेगळ्या वाटेने आणि शेपटासकट: कलकत्त्यातून गुंडांना तडीपार करण्यासाठी १९२३ साली बंगालमध्ये कायदा झाला, त्याच्या नावातच ‘गुंडाज’ आहे. तिथून शेवटचा ‘डा’ गाळून तो अमेरिकेतल्या मठ्ठ माणसावर जाऊन बसला, असं मानायला काहीच आधार नाही.

राहिला ‘ठग’. तो खरोखर आपला. संस्कृत ‘स्थग’, म्हणजे झाकणं, लपवणं, यावरून आलेला, आणि मराठीत आजही फसवणाराच. ठकास महाठक भेटतो तो डोकं चालवतो, डोकं फोडत नाही. इंग्रजीत तो मारेकरी झाला विल्यम स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या मोहिमेमुळे. वाटसरूंशी गोड बोलून, सोबत चालून, संधी मिळताच गळा आवळणाऱ्या टोळ्यांविरुद्ध ही मोहीम होती. १८३६च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं एवढ्यावरच जन्मठेप ठरवली. अमुक खून अमक्याने केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. त्याच वर्षी स्लीमनने ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोशही छापला. १८३९च्या सुमारास इंग्रज लेखक स्वतःच्या देशातल्या दांडगटांनाही थग म्हणू लागले होते. टोळीत असणं म्हणजेच गुन्हा, हा विचार मग जन्मावर आला: १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. तो रद्द झाला १९५२ साली. पारध्यांसारख्या जमातींच्या नावामागे ‘विमुक्त’ लागलं, पण गावात चोरी झाली की पोलीस अजून कुणाच्या पालावर जातात हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको.

अमेरिकेतही हा शब्द साधा राहिलेला नाही. २०१४ साली रिचर्ड शर्मन या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूला सामन्यानंतरच्या आरडाओरड्यावरून लोकांनी थग म्हटलं, तेव्हा तो म्हणाला की काळ्या माणसाला दिल्या जाणाऱ्या जुन्या शिवीचं हे आता चालणारं रूप झालंय. ‘जगाला ठग आम्ही दिला’ असं लिहून पुढे हात जोडल्याची खूण टाकताना यातलं काहीच आठवत नाही का?

आणि इंग्रजी कोशात आपली दांडगाई नोंदलेली बघायचीच असेल, तर त्यासाठी ओढाताण कशाला? ऑक्सफर्डच्या कोशाने २०१७ साली ‘दादागिरी’ घेतली आहे, तीही ‘जुगाड’च्या सोबतीने.