मूळव्याध म्हणताय, पण बघितलं कुणी?

आमच्या देवगडकडच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद काही केल्या संपत नाहीये, दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं की नाही. मामाला कित्येक महिने शौचातून रक्त पडत होतं, तिथल्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून गोळ्या नि मलम दिलं, थोडे दिवस बरं वाटायचं आणि परत सुरू. ग्रुपवर काहीजण म्हणतात इतक्या वर्षांचे घरचे डॉक्टर, त्यांच्यावर अविश्वास कसा दाखवायचा, बाकीचे म्हणतात मोठ्या हॉस्पिटलात गेलं की दुर्बीण घालून बिल फाडतात, त्यापेक्षा सुरण खा, ताक प्या. इंग्लंडमध्ये बसून हे वाचताना राहवत नाही म्हणून लिहितेय.

दोन्ही बाजू डॉक्टर चांगला की लुटारू यावर भांडतायत, पण आत कुणी बघितलं का, हे कुणी विचारतच नाही. मी मामाला फोनवर विचारलं, बोटाने तपासलं का, प्रॉक्टोस्कोपी, म्हणजे छोटी नळी घालून गुदद्वाराच्या आत बघणं, ते केलं का, तर नाही. लक्षणं सांगितली, चिठ्ठी मिळाली. नुसतं ऐकून मूळव्याध कुणीही म्हणेल, कारण बऱ्याचदा तेच असतं, पण फिशर (गुदद्वाराजवळची चीर), पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला कोंब), आतड्याची सूज, कॅन्सर, सगळ्यातच रक्त पडू शकतं, आणि मूळव्याध असलेल्या माणसाला सोबत दुसरं काही नसेलच असं नाही. मामाला तर रक्ताबरोबर आव पडत होती, सारखं जावंसं वाटायचं, वजन उतरलेलं. अशा वेळी दुसऱ्याकडे जाऊन परत तोंडीच सांगितलं आणि परत गोळ्याच आणल्या तर ते सेकंड ओपिनियन नव्हे, तो दुसरा अंदाज.

इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. कॅन्सर आहे की नाही ते २८ दिवसांत सांगायचं टार्गेट आहे आणि ते सगळ्यांच्या बाबतीत पाळलं जात नाही, सेकंड ओपिनियन हा कायद्याने हक्कसुद्धा नाही. पण मागितलं तर जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, सहसा नाही म्हणत नाही आणि रागावत तर अजिबात नाही, रिपोर्ट पुढच्या डॉक्टरकडे जातात. पन्नाशी झाली की दर दोन वर्षांनी आतड्याच्या कॅन्सरच्या टेस्टचं किट पोस्टाने घरी येतं, काडीने शौचाचा कणभर नमुना बाटलीत घालायचा आणि परत पोस्टात टाकायचा. त्यामुळे या विषयावर बोलायची सवय होते. आपल्याकडे मामा मला म्हणाला, "आपल्या डॉक्टरांका काय वाटतला गो?" माणूस रक्त जाऊन पांढरा पडलाय आणि काळजी कसली, तर डॉक्टरांना काय वाटेल याची!

शेवटी मामी हटून बसली आणि ते कोल्हापूरला गेले. फोंडा घाटात गाडी थांबवावी लागली तर काय, या भीतीने मामा आदल्या दुपारपासून जेवला नव्हता. हे मामीने सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. तिथे तपासणी झाली, पावडर घातलेलं ते दोन लिटर पाणी घोट घोट करत पिऊन पोट साफ केलं, कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघितलं, बायोप्सीसाठी तुकडा काढून तपासला, निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण. मूळव्याध नाही, कॅन्सरही नाही. आता सूज कमी करणारं मेसालामिन चालू आहे, रक्त थांबलंय, पण कायम डॉक्टरांच्या नजरेखाली राहावं लागणार.

बाहेर जाणं सोपं नाही हे मलाही कळतं. सिंधुदुर्गातल्या लोकांना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा आधार होता, तिथे २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना फी लागायला लागली. आता आपल्याकडे सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, पण नुसत्या इमारतीवर खूश होऊन कसं चालेल, तिथे कोलोनोस्कोपी कोण करतं आणि आठवड्यातून किती दिवस, हे आपल्या आमदारांना विचारा ना, ग्रुपवर एकमेकांना विचारून काय होणार.

आणि मान-अपमानाचं म्हणाल तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत सेकंड ओपिनियन हा हक्क म्हणून लिहिलेला आहे, म्हणजे आपण काही गैर मागत नाही. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. म्हणून जाताना जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, स्कोपीचे फोटो, बायोप्सीचा कागद सगळं घेऊन जा, आणि देत नसतील तर तारीख घालून लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.